अस्तर

आईचा आजार पहिल्यांदा ओळखला तो ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात बसणाऱ्या एका कासाराने. १९८६ च्या श्रावणात मामेबहिणीच्या मंगळागौरीसाठी आई बांगड्या भरायला गेली होती आणि अकरा वर्षांची मी तिचा पदर धरून शेजारी उभी होते. तिचे माप सव्वादोनचे, ते त्याला न विचारता ठाऊक असे. त्याने नेहमीप्रमाणे तिचा अंगठा तळहाताकडे वळवला, पंजा आपल्या मुठीत आवळला आणि आई कळवळली. तो हात त्याने हलकेच खाली ठेवला, दुसरा घेतला, बोटांच्या मुळाशी असलेले सांधे एकेक करून चाचपले आणि म्हणाला, "वहिनी, दोन्ही हात सारखेच सुजलेत. आज राहू द्या. चढतील कशाबशा, पण मग वाढवाव्याच लागतील." आई घरी आली ती रिकाम्या हातांनी, आणि मंगळागौरीला तिने जुनेच बिलवर घातले.

त्या वेळी आई छत्तीस वर्षांची होती. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ती शिवणकाम करी. अर्ध्या गल्लीचे ब्लाउज तिच्या मशीनवर शिवले जात आणि लग्नसराईत कपाटाच्या वर कापडांची गाठोडी छतापर्यंत पोहोचत. तिची ओळख अस्तराच्या ब्लाउजसाठी होती. अस्तर कापडापेक्षा कणभरही मोठे बेतले तर ब्लाउजला आतून घड्या पडतात, लहान बेतले तर मुंढ्यात ओढ बसते, असे ती शिकायला येणाऱ्या मुलींना सांगत असे. सूज आल्यावर तिच्या हातातून आधी कात्री गेली, कारण दुपदरी कापड कापताना अंगठ्याच्या मुळावर सगळा भार येतो. मग काज गेले, मग हुक लावणे गेले. मशीन मात्र पायाचे असल्यामुळे आणखी दोन वर्षे चालले, आणि चालते आहे म्हणून आम्ही सगळे निर्धास्त राहिलो.

सकाळी ती आमच्याआधी तासभर उठत असे. त्याचे कारण मला फार उशिरा कळले. गरम पाण्याच्या घंगाळात हात बुडवून ती मोरीच्या उंबऱ्यावर बसून राही, बोटे वळू लागेपर्यंत. आम्ही उठायच्या आत ते सगळे आवरलेले असे. वाड्यातल्या बायका तिचे कौतुक करताना म्हणत, "एवढं दुखतंय, पण तोंडातून कधी ब्र काढला नाही हो." आजही आईबद्दल कोणी हे वाक्य उच्चारले की मला राग येतो. सोसण्याला आपल्याकडे जी प्रतिष्ठा आहे, विशेषतः बाईच्या सोसण्याला, तिची किंमत माझ्या आईने दहा बोटांनी मोजली. या आजारात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या संधिवातात, सांध्यांना भरून न येणारी इजा पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि तो ब्र नेमका तेव्हाच काढायचा असतो.

काढला असता तरी तो कोणी ऐकला असता का, हा दुसरा प्रश्न. 'वात' या शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा करून ठेवला आहे. गुडघे झिजले तरी वात, पाठ धरली तरी वात, टाच दुखली तरी वात, आणि वात म्हटला की म्हातारपण. वस्तुतः वयोमानाने होणाऱ्या झिजेचा संधिवात आणि आईला झालेला संधिवात यांचे एकमेकांशी फारसे नाते नाही. झिजेचा आजार वापराने दमलेल्या सांध्याचा असतो. त्यात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो आणि हाताचा त्रास झाला तर तो नखाजवळच्या सांध्यांतही दिसतो. आईच्या आजारात ताठरपणा तासाहून अधिक टिकतो, दोन्ही बाजूंचे सांधे जोडीने धरतात, मनगटे आणि बोटांच्या मुळांचे व मधले सांधे सुजतात, आणि नखाजवळचा शेवटचा सांधा सहसा वाचतो. तो तरुणपणी, तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो. शंभर-दोनशे प्रौढ माणसांमागे एकाला असणारा हा आजार दुर्मीळ म्हणता येत नाही; एखाद्या मोठ्या गृहसंकुलात त्याची दोन-चार माणसे सहज सापडावीत.

आयुर्वेदात या लक्षणांशी जवळीक असलेल्या विकाराला 'आमवात' असे वेगळे नाव आहे, आणि सातव्या-आठव्या शतकातील माधवनिदानात त्याच्या वेदनेचे वर्णन करताना विंचवांनी दंश केल्याची उपमा दिली आहे. उपमा इतकी बिनचूक आहे की ती देणाऱ्याने असा रुग्ण जवळून पाहिला असला पाहिजे. पाश्चात्त्य वैद्यकात हे वेगळेपण बरेच उशिरा नोंदले गेले: १८०० साली लांद्रे-बोव्हे या तरुण फ्रेंच डॉक्टराने आपल्या प्रबंधात, आणि आजचे इंग्रजी नाव दिले ते १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी. आमच्या वाड्यात मात्र १९८६ मध्येही तो नुसता वातच होता. त्यामुळे वाळूचा शेक झाला, सुंठीच्या काढ्यातून एरंडेल झाले, आंबट आणि वांगी बंद झाली, आणि शेवटी कोणीतरी सांगितले म्हणून आई एका डॉक्टरांकडे गेली, जे कागदाच्या पुडीत बांधून पांढऱ्या गोळ्या देत असत.

त्या गोळ्यांनी चमत्कार केला. चौथ्या दिवशी आई उठली ती थेट कात्री घेऊन. दोन महिन्यांत तिने साठलेली सगळी कापडे हातावेगळी केली. चेहरा भरला, गाल गोल झाले, आणि 'वहिनींची तब्येत सुधारली' असे जो तो म्हणू लागला. गोळीचे नाव आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आज कळते की ते स्टेरॉइड होते आणि तो गोलवा त्याचाच होता.

हा चमत्कार जगाने आईच्याही आधी पाहिला होता. अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच यांच्या लक्षात आले होते की गरोदरपणात आणि काविळीत या रुग्णांचे दुखणे आपोआप ओसरते. म्हणजे हा आजार पुसता येण्याजोगा आहे, आणि तो पुसणारे काहीतरी शरीरातच तयार होते. ते शोधत १९४८ च्या सप्टेंबरात त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना आणखी दोन संशोधकांबरोबर नोबेल मिळाले आणि पुढच्या काही वर्षांत त्याच औषधाचे दुसरे रूप दिसू लागले: मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर हाडे पोकळ होतात, साखर वाढते, त्वचा कागदासारखी पातळ होते, आणि एकाएकी थांबवले तर सुस्तावलेल्या ग्रंथी शरीराला वेळेवर साथ देत नाहीत. आईने ते एकाएकीच थांबवले, कारण डॉक्टर महिनाभर गावी गेले होते. त्या महिन्यात मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिले.

नव्वदच्या दशकात तिची बोटे हळूहळू करंगळीच्या दिशेने कलली, वाऱ्याने पिके एका बाजूला झुकावीत तशी. काही बोटांचा मधला सांधा मागे आणि शेवटचा पुढे वळला. या आकाराला वैद्यकात 'हंसाची मान' म्हणतात. हंस म्हटला की आपल्याला सरस्वती आठवते. हे नाव ठेवणाऱ्याला त्या हाताने साडीच्या निऱ्या काढाव्या लागल्या नसणार.

या आजाराची पाळी माझ्यावर २०१६ मध्ये आली. त्या वेळी मी वाशीला एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करत होते. फेब्रुवारीत सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला की खडीवर उभे राहिल्यासारखे वाटू लागले. मी चपला बदलल्या. मार्चमध्ये गॅसचा लायटर दाबेना. मी लायटर बदलला. एप्रिलमध्ये टूथपेस्टची ट्यूब दोन्ही तळहातांत धरून दाबताना आरशात नजर गेली आणि घंगाळात हात बुडवून बसलेली आई आठवली, तरीही मी डॉक्टरांकडे गेले ती जूनमध्ये. सगळे माहीत असलेल्या मुलीने चार महिने घालवले. सोसण्याचा वारसा रक्तातून येतो की स्वयंपाकघरातून, ते मला ठरवता आलेले नाही.

ठाण्यातल्याच एका संधिवाततज्ज्ञांनी मला तपासले. त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला आणि माझा पंजा बोटांच्या मुळांशी हलकेच दाबला. मी कळवळले. मग दुसरा हात. जांभळी नाक्यावरच्या कासाराने तीस वर्षांपूर्वी जे केले होते, तेच हे होते. फक्त आता त्याला तपासणीचे नाव होते. रक्तातला दाह मोजणारे आकडे वाढलेले होते, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर होता, आणि अँटी-सीसीपी नावाची, शरीराच्या स्वतःच्याच प्रथिनांवर उलटणारी प्रतिपिंडे भरपूर होती. ही प्रतिपिंडे लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधी रक्तात हजर असू शकतात, असे डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याने मी बराच काळ अस्वस्थ होते. वाशी लोकलमध्ये खिडकी मिळाली म्हणून मी ज्या दिवशी खूश झाले असेन, त्या दिवशीही हा निकाल माझ्या अंगात लिहून तयार असावा.

आईला सोबत नेले होते, कारण मला तिच्यासमोर हे ऐकायचे होते. डॉक्टरांनी कागदावर सांधा काढला. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि सांध्याला आतून एक नाजूक पडदा असतो, त्याला सायनोव्हियम म्हणतात. तो वंगणासारखा द्रव तयार करतो. शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच काही प्रथिनांना परकी समजू लागते. त्या प्रथिनांत रासायनिक बदल घडवण्यात धूम्रपानाचा आणि हिरड्यांच्या जुनाट आजाराचा हात असू शकतो, आणि काही जनुके त्याला वाट करून देतात. मग संरक्षक पेशी त्या पडद्यात घुसतात, एकमेकींना निरोप देणारी द्रव्ये सोडतात, आणि कागदाएवढा पातळ पडदा फुगून जाड होतो, पसरतो, कूर्चेवर चढतो आणि हाड कुरतडू लागतो. त्या वाढलेल्या पडद्याला 'पॅनस' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कापड. यातली काही निरोपी द्रव्ये पहाटेच्या सुमारास सर्वाधिक वाढतात, म्हणून दुखणेही पहाटेचे.

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "म्हणजे अस्तरच कापड खातंय." डॉक्टर क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी कागदावर पडद्याच्या नावाखाली कंसात 'अस्तर' असे लिहिले. तीस वर्षे सोसलेल्या आजाराचा अर्थ तिला त्या दिवशी कळला. रिक्षातून येताना ती एवढेच म्हणाली, "मला वाटायचं, मी मशीन फार चालवलं म्हणून झालं."

मला मेथोट्रेक्सेट सुरू झाले. मूळच्या भीमावरमच्या, पुढे अमेरिकेत जाऊन लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाची धुरा वाहिलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने चाळीसच्या दशकात ज्या औषधांना जन्म दिला, त्यांतले हे एक. ती मुळात रक्ताच्या कर्करोगासाठी वापरली गेली. त्यांतल्या अमिनोप्टेरिनचा या संधिवातावर उपयोग होतो, हे १९५१ मध्येच नोंदले गेले होते. पण तेव्हा सगळ्यांचे डोळे कॉर्टिसोनच्या झगमगाटाने दिपलेले होते, आणि अमेरिकेत संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटला रीतसर मान्यता मिळाली ती १९८८ मध्ये. आईच्या हातांना सूज आल्यानंतर दोन वर्षांनी. या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की मला कोणावर रागवावे ते सुचत नाही.

हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतू शकते, आणि अशा चुका होतात. म्हणून कालनिर्णयवर प्रत्येक शनिवारी मी लाल फुली मारते. बरोबर ठरलेल्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड, ठरावीक महिन्यांनी रक्ताची आणि यकृताची तपासणी. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळासाठी मलाही स्टेरॉइड मिळाले. पण त्याचे नाव चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेले होते आणि मात्रा कशी उतरवायची, कधी बंद करायची, याच्या तारखाही. रविवारी सकाळी मळमळते. मामलेदार कचेरीजवळची रविवारची मिसळ सुटली, आणि खरे सांगायचे तर बोटांच्या खालोखाल मला दुःख तिचेच आहे.

या आजाराचे नाव सांध्यांचे असले तरी तो सांध्यांपुरता राहत नाही. माझे डोळे कोरडे पडतात, रक्ताचे प्रमाण खाली जाते, आणि कधीकधी असा थकवा येतो की झोपून उठल्यावरही तो तसाच उशाशी बसलेला असतो. कोपरावर कठीण गाठी येऊ शकतात, फुप्फुसांत चट्टे पडू शकतात, हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट होतो, कारण दाह रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. आईच्या बाबतीत तर मानेचा प्रश्न निघाला. २०१८ मध्ये तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांनी मानेचा एक्स-रे मागितला, तेव्हा मी चिडून विचारले होते की गुडघ्याला मान कशाला. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधाही याच अस्तराचा असतो. तो सैल झाला असेल आणि भूल देताना मान मागे वळवली, तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. तिचा तो सांधा थोडा सैल निघाला. इतकी वर्षे ती ज्या मानेने होकार देत आली, ती मान अशी होती. शस्त्रक्रिया पाठीच्या कण्यात भूल देऊन पार पडली.

माझा आजार दिसत नाही, आणि ही गोष्ट लोकलमध्ये सर्वांत जास्त जाणवते. ठाण्याहून वाशीची गाडी इथूनच सुटते, म्हणून लवकर गेले तर बसायला मिळते. पण लवकर जाणे हेच ज्या माणसाला जमत नाही त्याने काय करावे? माझे शरीर नऊच्या आधी माझे नसते. ऐरोलीपर्यंत वरची कडी धरून उभे राहिले की मनगट पेटते, आणि तिघींच्या बाकावर चौथी सीट मागावी तर समोरची बाई माझ्या सरळ बोटांकडे, नीट नेसलेल्या साडीकडे पाहते आणि खिडकीबाहेर बघू लागते. तिचा दोष नाही. आईला मात्र कुठेही गेले तरी लगेच जागा मिळते. तिचे हात बोलतात. माझे हात बोलत नाहीत, हाच माझ्या औषधाचा गुण, हे रबाळे येईपर्यंत मला स्वतःला पटवावे लागते.

मार्च २०२० मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. मेथोट्रेक्सेटबरोबर मी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनही घेते. त्यासाठी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो, याखेरीज त्या गोळीने मला कधी त्रास दिला नव्हता. कोविडवर ती चालेल अशी आशा निर्माण झाली, आणि जे नाव आमच्या घराबाहेर कोणाला उच्चारता येत नसे ते आठवड्याभरात देशाला पाठ झाले. गोखले रोडवरच्या सहा दुकानांत ती मिळाली नाही. पुढे मोठ्या चाचण्यांत कोविडवर तिचा उपयोग दिसला नाही आणि गोळ्या पुन्हा फळीवर आल्या. मधले सतरा दिवस मी उरलेल्या गोळ्या एकाआड एक दिवस घेऊन काढले.

मेथोट्रेक्सेट पुरले नाही तर पुढची औषधे आहेत. नव्वदच्या दशकात लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी दाखवले की निरोपी द्रव्यांपैकी टीएनएफ हे एकटे अडवले तरी सूज ओसरते. त्यातून निघालेली इंजेक्शने महाग आहेत, आणि आपल्याकडे ती देण्यापूर्वी क्षयाची तपासणी अगत्याची, कारण जुना दबलेला क्षय त्यांनी जागा होऊ शकतो. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही.

गेल्या गणपतीत आई, मी आणि माझी मुलगी अशा आम्ही तिघींनी मोदक केले. उकडीच्या पारीला कळ्या पाडताना अंगठा आणि पहिली दोन बोटे यांची चिमूट लागते, आणि ती आईला आता येत नाही. ती पाटावर बसून पाहत होती. मी नऊ कळ्या पाडल्या, ती म्हणाली, "अकरा पडायला हव्यात, उकड जाड झालीये." मुलीने तेरा पाडल्या. ती बावीस वर्षांची आहे. हा आजार आईकडून मुलीकडे सरळ येत नाही. हुबेहूब एकसारख्या जुळ्या बहिणींपैकी एकीला झाला तरी दुसरीला होण्याची शक्यता शंभरात पंधराच्या आसपासच असते, हे मला पाठ आहे. तरीही तिने मोदक ताटात ठेवल्यावर मी तिचा उकडीने माखलेला हात कौतुकाने हातात घेतला आणि बोटांच्या मुळांशी हलकेच दाबला. मग दुसरा मागितला.

"आई," ती म्हणाली, "तपासून झालं असेल तर हात सोड. पाणी उकळतंय."